चिखलगाडीचं मागचं डावं चाक

१७ फेब्रुवारी १९५८, सोमवार

शेजारच्या सोनाबाईंनी मुंबईचं वर्तमानपत्र आणून दाखवलं. दयारामचा फोटो! फेटा बांधून आमच्या चिखलगाडीवर बसलाय, एक पाय पुढच्या चाकावर. खाली छापलंय — पनवेलच्या तरुण मिठागर-मालकाची करामत. यांचं नाव शोधलं. नाव नाहीच. शेवटच्या ओळीत एवढंच, ‘एका स्थानिक मिस्त्रीने मदत केली.’

मदत केली.

इंजिन दयारामचं, कबूल. लष्कराच्या भंगारातल्या जीपचं. पण त्या इंजिनावर डायनॅमो फिरवायचा आणि त्या विजेवर चारही चाकांत एकेक मोटर चालवायची, हे डोकं यांचं. मुंबईत ट्रामच्या कारखान्यात होते तेव्हा सुचलेलं. ट्रामची मोटर चाकाशेजारी असते, मग चाकाच्या पोटातच का नको? गाडीखाली आडवी दांडी नाही, चिखलात अडकायला काही नाही. बैल पोटापर्यंत रुततो तिथून मिठाची पोती घेऊन निघते. दोन पावसाळे मागच्या पडवीत खपले त्यासाठी.

पेपर वाचून हे म्हणाले, फोटो छान आलाय.

१८ फेब्रुवारी

दयारामनं पेढे पाठवले. गटारात टाकले.

२३ फेब्रुवारी, रविवार

हल्ली वाइंडिंग मी करते. हे शेजारी पाटावर बसून सांगतात — इथे वळव, इथे कागद घाल, ओढू नको. मी तार गुंडाळते. बाहेर पाटी अजून ‘कमळाकर मोटर वाइंडिंग वर्क्स’ अशीच आहे. गिरणीवाले, पंपवाले कुणाला ठाऊक नाही.

दिवाळीच्या आधी झालं ते. यांचा उजवा हात चाकात होता, जोड तपासत होते. दयाराम वर बसलेला. हे म्हणाले ‘थांब’, त्याला म्हणे ‘चालव’ ऐकू आलं. तीन बोटं गेली. तो इस्पितळात एकदाही फिरकला नाही. करंजा बंदरातली सुकट पाठवून दिली, टोपलीभर.

हे त्याच्याविषयी एक वाईट शब्द काढत नाहीत. यांच्या वाटणीचा राग मलाच करावा लागतो. करते. चांगला पोटभर करते.

१ मार्च, शनिवार

दयाराम आला होता. पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळी खाडीकाठी गाडी चालवून दाखवणार. मुंबईचे मिठाचे व्यापारी येतील, उरणकडचे मिठागरवाले येतील. पसंत पडली तर अशा आणखी गाड्या बांधायच्या, जासईला शेड घालायची. बोलता बोलता माझ्याकडे चहा मागितला. मी दिला.

निघताना दारात उभा राहून यांना म्हणाला, “मिस्त्री, तुमी रव्वारी नाय आलात तरी चालंल. लोकं हात बघतान, इचारतान. गाडीला बट्टा लागतो.”

हे म्हणाले, बरोबर आहे.

मी कप विसळत होते. कप हातात तसाच राहिला. यांनी बोटं दिली त्या गाडीला, आणि त्या बोटांनीच गाडीला बट्टा लागतो! तेव्हाच ठरलं. चारचौघांत याचं तोंड काळं व्हायला हवं. फेटा बांधलेला असतानाच.

४ मार्च

चाकं बंद करायचं काम माझ्याकडे आहे. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं कडं बसवायचं, वरून डांबर फासायचं, की खारं पाणी मोटरीत शिरत नाही. हे रोज बजावतात, खारं पाणी म्हणजे मोटरीचं मरण.

ऐकतेय मी.

७ मार्च, शुक्रवार

केलं.

हे बाजारात गेले होते. मागच्या डाव्या चाकाचं कडं ब्लेडनं कापलं, तसंच जागेवर बसवलं आणि वर डांबर फासलं. बाहेरून काही दिसत नाही. नंतर मन लावून पुरणपोळ्या केल्या. होळी होऊन गेली तरी आज काय, असं हे विचारत होते.

९ मार्च, रविवार

हे घरीच थांबले. मी सोनाबाईंना घेऊन गेले. बांधावर ही गर्दी! व्यापाऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या. दयाराम तोच फेटा बांधून आला. भाषण केलं. ‘मी’ किती वेळा म्हणाला ते मोजायचं सोडून दिलं.

गाडी बांधावरून उतरली, चिखलात शिरली. आणि खरं सांगते, सुंदर चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझाही ऊर भरून आला. यांची गाडी! मग व्यापाऱ्यांना खूश करायला तो आणखी पुढे, खाडीच्या पाण्यात गेला. तिथे मागचं डावं चाक मेलं. बाकीची तीन ओढत राहिली आणि गाडी जागच्या जागी गोल फिरू लागली. तो दांडा ओढतोय, ओरडतोय, गाडी गरगर फिरतेय. आधी बायका हसल्या. मग सगळेच. शेवटी उतरला तो मांडीपर्यंत रुतला. कोळ्यांनी दोरी टाकून बाहेर ओढला. फेटा तिथेच राहिला.

व्यापारी चहा न घेता गेले.

सोनाबाईंना दिसू नये म्हणून तोंडाला पदर लावला. इतकी हसले की पोट दुखलं. दिवाळीपासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

१० मार्च

गाडी बैल लावून आमच्या पडवीत आणली. बैल लावून! यांनी डाव्या हातानं एकट्यानं झाकण उघडलं. मला हाक मारली नाही.

१२ मार्च, बुधवार

दयाराम आला तो ओट्यावरूनच ओरडत. गल्लीतली माणसं जमली. मी दाराआड उभी. मजा बघायचीच होती मला.

“माजं नाक कापलंस. मिस्त्री, काय केलंस तू त्या चाकात?”

हे शांतपणे म्हणाले, “माझं वाइंडिंग चुकलं. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

सगळ्यांसमोर. गिरणीवाले दादू पाटील तिथेच होते.

बाहेर जाऊन सांगावं असं वाटलं. मीच कापलं, मी! दाराआडच उभी राहिले.

दुपारी हे जेवायला बसले. बंडीच्या खिशातून कापलेलं कडं काढलं, माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मग आमटी वाढून घेतली.

१३ मार्च

दादू पाटलांचा गडी येऊन गिरणीची मोटर परत घेऊन गेला, अर्धी गुंडाळलेली. पंपवालेही आले. “तुमच्या हाताला आराम द्या,” म्हणाले. गोड बोलले.

दयारामचं काहीच गेलं नाही. मिठागरं त्याचीच आहेत. धुवट धोतर नेसून बाजारात फिरतोय.

१४ मार्च

मी म्हटलं, मी जाऊन सगळ्यांना खरं सांगते. हे म्हणाले, “आणि मग तुझ्याकडे मोटर कोण देईल? दुकान कुणी चालवायचं?” एवढंच.

१६ मार्च, रविवार

हे दयारामकडे जाऊन आले. गाडी पाडव्यापर्यंत दुरुस्त करतो, त्याच लोकांना पुन्हा बोलाव, असं सांगितलं म्हणे. दयाराम म्हणाला, लोकांना बोलावतो, पन त्या गाडीवर मी परत बसनार नाय.

२० मार्च

सकाळी यांनी डांबराचा डबा माझ्यापुढे ठेवला. “चारही चाकं तूच बंद कर, वेणू. उद्या पाडव्याला खाडीत गाडी मी नेणार आहे.”