पेपेविरुद्धच्या माझ्या तक्रारी

प्रिय रेवा,

आपल्याला न विचारता कुणी आपल्याबद्दल ठरवलं, की तू आणि मी दोघंही पेटून उठतो. तुझा कॉलेजचा फॉर्म मी परस्पर भरला, ते तू अजून विसरलेली नाहीस. आता ट्यूरिनला बसून तू परस्पर ठरवलंस, की रविवारी कोटगिरीचे चहामळेवाले मधुसूदन येऊन पेपेला कायमचं घेऊन जातील. फिटंफाट झाली म्हणू. पण पेपेला तर आपण दोघांनीही विचारलेलं नाही.

इथे ओरगडमच्या कारखान्यात नोकरीला असताना तू हे ब्राको जातीचं इटालियन शिकारी कुत्रं घरी आणलंस, तेव्हा मी तासभर बोललो होतो. चाळीस किलोचं जनावर, वेलचेरीतला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि इथला मे महिना. रानात पक्षी हुडकायला जन्मलेल्या जिवाला लिफ्टने खाली-वर करायला लावणं हा अन्याय आहे, असंही म्हणालो. पेपेने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या धोतरावर लाळ गाळली.

आता पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, तोच मला तळ्याकडे नेतो. लांब कान हलवत असा ऐटीत दुडकतो, की शेअर ऑटोवालेसुद्धा वेग कमी करतात. आपला वॉचमन मला नुसतं ‘सार’ म्हणतो, त्याला ‘पेपे सार’. दुपारी पेपे ओल्या गोणपाटावर झोपतो, तेही माझ्या खुर्चीला पाठ टेकवून.

गेल्या आठवड्यात तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. अन्नपूर्णाआत्याने तंजावरहून आल्याआल्या फर्मान काढलं, “बालाजी, त्या घोड्याला आत कोंड. शिकारी कुत्रं दिसलं तर कावळा फिरकायचा नाही.” मी कोंडलं. गच्चीवर पान मांडलं. तास गेला, कावळा नाही. भटजी घड्याळ बघू लागले. तुझी आई माझ्यावर कशाकशासाठी रागावली असेल, ते मला एकेक आठवायला लागलं. तेवढ्यात सैल कडीचं दार ढकलून पेपे वर आला. आत्या ओरडली, पण तो मध्येच थबकला. पुढचा एक पाय उचललेला, मान ताठ, नाक पाण्याच्या टाकीकडे. टाकीमागे कावळा आमच्या गर्दीला बिचकून बसला होता. पान मी तिकडे सरकवलं, सगळे मागे हटलो. कावळा भाताला शिवला, उडाला, तोवर पेपे हलला नाही, भुंकला नाही. चाळीस वर्षं कामगारांच्या सभांत मी शिस्तीवर भाषणं दिली. खरी शिस्त पाहिली त्या दिवशी. जेवणं सुरू होताना आत्या म्हणाली, “आधी घोड्याला दहीभात वाढ.”

आता फोनवर जे बोलता येत नाही, ते लिहितो. दर रविवारी मी त्याची लाळ, त्याचे केस, माझे गुडघे यांचं रडगाणं गायचो, म्हणून तुला वाटलं, अप्पांना तो झेपत नाही. अगं, तुझी आई गेल्यावर तुझ्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. तक्रार केली की तू जास्त वेळ फोनवर थांबायचीस. सभेत बोललेला एकही शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही. पेपेविरुद्ध बोललेले सगळे मागे घेतो. मी नको म्हणालो, तर मधुसूदन म्हणतात, कुत्रं मुलीचं आहे, तिनेच सांगावं. या पत्राचा फोटो मोबाइलवर पाठवतोय. वाचून झालं की त्यांना फोन कर, आणि पेपे येणार नाही म्हणून सांग.

तुझाच, आणि पेपेचाही,
अप्पा