शाळेतली उंच खुर्ची

प्रिय ठमाबाई,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन वाजला की तुझी लेक, आपली खारूताई, दाराआड कान टवकारून उभी राहते, आणि मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर पडायला नको. म्हणून पत्र, तेही आज रात्रीच्या गाडीने तुझ्याकडे निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती. तुझं प्रशिक्षण संपायला अजून अवकाश आहे, आणि मोठ्या शाळेला तर तिच्या प्रवेशाचं सोमवारी होय-नाही कळवायचंय. तेव्हा नेहमीसारखं उभ्या उभ्या वाचू नकोस.

मोठ्या शाळेचा धोशा मीच लावला होता, हे तू विसरली नसशील. चर्चमागच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट. घराजवळ आहे, एवढाच तिचा गुण. जन्मभर शाळा तपासल्यावर माणसाला एक कळतं, की जिथे सगळेच फार हसतमुख असतात तिथे कुठेतरी पाणी मुरत असतं. तिथे तर झाडणारी बाईसुद्धा हसून दार उघडते. तुझी आई म्हणते, तुमची नोकरी सुटली, पण ते नाक काही सुटलं नाही. गुरुवारी घरच्यांनी वर्गात येऊन बसावं असं बोलावणं आलं, तेव्हा ते नाक घेऊनच मी गेलो. शाळा कशी आहे ते बघायला नव्हे, ती वाईट आहे याचे पुरावे गोळा करायला.

आधी भिंती पाहिल्या. तक्त्यांच्या टाचण्या गंजलेल्या होत्या, म्हणजे ते आमच्यासाठी लावलेले नव्हते. हे मला जरा खटकलंच. मग पुस्तकं. पाहुण्यांसाठी घोटून घेतलेलं पुस्तक नेमकं त्याच धड्यावर आपणहून उघडतं, हा माझा जुना हुकमी उपाय. कपाटातली पुस्तकं एकेक करून टेबलावर उभी धरली आणि सोडली. ती वाटेल तिथे उघडली. वर्गाच्या बाई हे बघत होत्या. त्यांनी आणखी एक गठ्ठा आणून माझ्यासमोर ठेवला. तेव्हा तर मला खात्रीच वाटली, की या बाई पक्क्या तयारीच्या आहेत.

आणि मग ती खुर्ची दिसली. उंच पाठीची, कोरीव हातांची, चर्चमधून कधीतरी इकडे आलेली. पूर्वी फादर तिच्यात बसायचे म्हणे. आता फळ्याजवळ तिच्यात बसली होती आपली खारूताई, पाय अधांतरी, हात ऐटीत खुर्चीच्या हातांवर. बाकीची मुलं खाली चटईवर. माझी छाती फुगली आणि लगेच डोकं भणभणलं. अगं, ही चाल मी किती शाळांत पाहिली आहे! एक चुणचुणीत पोर पुढे बसवायचं, म्हणजे पाहुण्यांचे डोळे तिथेच राहतात आणि मागची कच्ची मुलं झाकली जातात. त्यात ती जुन्या तपासनिसाची नात. पोर हुशार आहे यात मला शंकाच नव्हती. रोज संध्याकाळी माझ्या मांडीला टेकून गोष्ट वाचून दाखवते, एक शब्द अडत नाही. परवा तर तिने दोन पानं एकदम उलटली, तरी गोष्ट अखंड चालू. मी तुझ्या आईला म्हटलं, पोरीचं डोकं बघ कसं धावतं.

चटईवरची मुलं पुस्तक घेऊन तिच्याकडे जात होती, शब्दावर बोट ठेवून तिला काहीतरी सांगत होती. ती मान हलवून म्हणे, अजून नाही. मग दुसरं कोणी उठे. मला वाटलं, नाटक बरं बसवलंय. थोड्या वेळाने ती खुशीत खाली उतरली आणि एक दात पडलेला मुलगा धावत जाऊन खुर्चीत चढला. आता मी, मला वजाबाकीतला हातचा कळत नाही, असं त्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं. ठमे, अशी घोषणा मी उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. ज्यांना येत नाही ती मुलं तपासणीच्या दिवशी एक तर गप्प असायची, नाहीतर आजारी.

सुटीत बाईंना गाठून मी टोमणा मारला, की हुशार मुलगी बरी पुढे बसवलीत. त्या म्हणाल्या, आजोबा, ज्याला येत नाही तो त्या खुर्चीत बसतो, आणि त्याला कळेपर्यंत खालच्यांनी समजवायचं, अशी आमची रीत आहे. तुमच्या नातीला अजून वाचता येत नाही. एकदा ऐकलं की तिला पाठ होतं, त्यामुळे आम्हालाही उशिराच कळलं. घरी मीच सांगेन म्हणाली, म्हणून मी आजपर्यंत थांबले.

घरी येऊन विचारलं, तर तुझी आई रोज दुपारी तिला तीच गोष्ट वाचून दाखवते. सगळ्या जगावर मी संशय घेत फिरलो, आणि जिच्यावर घ्यायला हवा होता ती माझ्याच मांडीला टेकून बसली होती. मला फार वाईट वाटलं. चिडलोही, आणि त्या रागात शुक्रवारी पुन्हा शाळेत गेलो, न सांगता. खिडकीशी उभा राहिलो. पाहुणे नव्हते, तरी खुर्ची तिथेच होती, आणि तिच्यात बसलेलं पोर म्हणत होतं, अजून नाही.

काल संध्याकाळी खारूताई पुस्तक घेऊन आली. मला आरामखुर्चीतून उठवलं, स्वतः तिच्यात चढून बसली आणि म्हणाली, आजोबा, मला हे येत नाही, तुम्ही खाली बसा. माझे गुडघे कुरकुरले, पण बसलो. एक ओळ झाली. बराच वेळ लागला, पण ती तिने खरोखर वाचली. मोठ्या शाळेतली प्रवेशाची परीक्षा ती पाठांतरावर सहज पार करेल, आणि तिथे तिची चोरी कधी कोणाला कळणार नाही, याचीच मला आता धास्ती वाटते. तेव्हा त्यांना नाही म्हणून कळव. पण पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. उद्या रविवारी ती तुला फोनवर स्वतः सांगणार आहे, आज दिवसभर आरशासमोर तयारी चाललीय. तुला आधीच कळलंय असं दाखवू नकोस, आणि का लपवलंस असं विचारू नकोस. फक्त फोन घेण्याआधी जमिनीवर बस. ती विचारणार आहे, आई, तू खाली बसलीस का? तेव्हा तुला खोटं बोलावं लागू नये.

तुझेच,
अजूनही थोडे संशयी बाबा