हात न लावण्याचा महिना

५ मार्च, सकाळी
सौ. आज ताईकडे गेली, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडे. दोन मोठ्या बॅगा घेऊन. चार दिवसांच्या रागाला दोन बॅगा कशाला लागतात कळलं नाही. विचारलं नाही. क्षुल्लक गोष्टींत लक्ष घालायचं नसतं.

कारण स्वतःपुरतं नोंदवून ठेवतो. परवा माझं व्याख्यान झालं. विषय : 'आळस हाच शत्रू'. सभा थंड होती. थंड सभा पेटवायला जिवंत उदाहरण लागतं. मी म्हणालो, दूर कशाला जाता, माझ्याच घरात बघा, आमची सौ. महिन्यातून एकदा झाडांना पाणी घालते आणि त्याला प्रेम म्हणते. संसारही त्याच हिशेबानं करते! सभागृह हसून हसून लोळलं. सौ. तिसऱ्या रांगेत होती. शेजारची बाई वळून तिच्याकडे बघत होती. सौ. हसली नाही. विनोदबुद्धी उपजत असावी लागते, ती शिकवता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

जाताना दारात उभं राहून तिनं अट घातली. बैठकीच्या खिडकीत तिच्या अठरा कुंड्या आहेत. काटेरी निवडुंग आणि ती जाड, गुबगुबीत पानांची सक्युलंट मंडळी. म्हणाली, यांना महिनाभर काहीही लागत नाही. पाणी नको, खत नको, भाषण नको. महिनाभर यांना हात न लावता राहून दाखवा. तेवढं जमलं, तर मी परत यायचं बघते. नाहीतर ताईची वरची खोली रिकामीच आहे.

ज्यानं हजार सभा जिंकल्या, त्याची परीक्षा काय, तर काही न करणं! हे तर आमची खुर्चीसुद्धा करते.

संकल्प : हात लावणार नाही. विषय संपला.

५ मार्च, संध्याकाळी
नुसतं जवळून बघितलं. बघण्याला हात लावणं म्हणत नाहीत.

७ मार्च
पुढच्या कुंडीतल्या गुबगुबीत पानांवर सुरकुत्या. खालच्या तीन-चार पानांवर, पण अन्यायाची सुरुवात खालूनच होते. ही तहान आहे. माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत, मुके जीव तहानेनं वाळताहेत आणि मी अटी पाळत बसलोय! आगीच्या वेळी नियम वाचत बसणाऱ्या माणसाला मी व्यासपीठावरून काय काय म्हटलेलं आहे!

एकेक पेला पाणी घातलं. सगळ्यांना. दुजाभाव नको.

हात लावला नाही. पेला लावला.

१० मार्च
विजय! सुरकुत्या गेल्या. पानं फुगली आहेत, काचेसारखी आरपार दिसताहेत. पाणी शेवटच्या पेशीपर्यंत पोचल्याचा याहून मोठा पुरावा कुठला?

कन्येचा फोन. (ती लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, बँकेत.) उत्साहाच्या भरात पानांचं वर्णन केलं. ती म्हणाली, बाबा, पाणी घातलंत का? म्हणालो, छे. म्हणाली, मग काचेसारखी कशी झाली? म्हणालो, तेज आहे ते. ती म्हणाली, बाबा, आईनं जन्मात तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली, तीसुद्धा 'करू नका' अशी. त्यातही नापास होणार का?

या पिढीला वडिलांशी बोलायची रीत राहिलेली नाही. आईला काही सांगू नकोस, असं दोनदा बजावलं.

११ मार्च
काचेची पानं गळायला लागली. बोट लागताच गळतात. जुनं गळतं, नवं येतं. निसर्गनियम.

१२ मार्च
वनस्पतींवरची तीन पुस्तकं आणून वाचली. पहिला लेखक म्हणतो, पाणी कमी घाला. दुसरा म्हणतो, माती कोरडी होईपर्यंत थांबा. तिसरा म्हणतो, शंका असेल तर काहीच करू नका. तिघांनाही कणा नाही. 'काहीच करू नका' हे सांगायला दोनशे पानं!

निर्णय माझा मीच घेतला. खिडकीत ऊन फार येतं, बिचारे दिवसभर भाजून निघतात. अठराही कुंड्या अभ्यासिकेत आणल्या, पुस्तकांच्या कपाटावर मांडल्या. इथे सावली आहे, विचार आहेत, माझा सहवास आहे.

संध्याकाळी पाणी घातलं तर कुंड्यांच्या बुडातल्या भोकांतून थेट इतिहासाच्या खंडांवर गळलं. कुंभारानं तरी भोक का ठेवावं? दिलेलं धरून ठेवता येत नसेल तर देण्याला अर्थ काय! मेणबत्ती वितळवून सगळी भोकं बुजवली. आता एक थेंब वाया जात नाही.

१७ मार्च
सोटा वाढला! (काही जणांना नावं दिली आहेत. सोटा म्हणजे उभा खांबासारखा निवडुंग. पहिलवान म्हणजे गोल, गरगरीत. म्हातारा म्हणजे अंगभर पांढरे लांब केस असलेला, हा सौ.चा लाडका, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बोटाएवढा आणलेला.) सौ.च्या हाताखाली सोट्यानं वर्षानुवर्षं मान वर केली नव्हती. माझ्याकडे पाच दिवसांत शेंड्याला नवी वाढ. रंग जरा फिका आहे, जाडी करंगळीएवढी आहे आणि तो दाराकडे वाकतो. विद्वान माणसं बारीकच असतात.

समोरचे वकीलसाहेब चहाला आले होते. सोट्याकडे बघून म्हणाले, हा वाढत नाहीये हो, हा उजेड शोधत पळून चाललाय. मग इकडे तिकडे बघत म्हणाले, वहिनींसारखाच.

अत्यंत हलक्या दर्जाचा विनोद. साखर कमी घातली त्यांना.

१८ मार्च
पहिलवानाच्या अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके. बहुधा फुलांची पूर्वतयारी. सौ.कडे त्याला कधी फूल आलं नव्हतं. आता बघ म्हणावं.

१९ मार्च
वकीलसाहेब म्हणतात, ती फुलं नाहीत, पिठ्या ढेकूण आहे. रस शोषणारी कीड. म्हणाले, साहेब, आपल्या कायद्यात सदोष मनुष्यवध आहे, सदोष निवडुंगवध नाही, तुम्ही नशीबवान.

भिंग घेऊन पाहिलं. पुंजक्याला पाय होते.

युद्धाला उशीर परवडत नाही. पुस्तकात स्पिरिट लिहिलंय, घरी आफ्टर-शेव्ह आहे. अर्धी बाटली अठराही जणांना चोळली. अभ्यासिकेला लग्नाच्या वऱ्हाडासारखा वास. कीड संध्याकाळपर्यंत जिवंत होती, बहुधा खुशीत.

२१ मार्च
म्हाताऱ्याचे केस मळकट दिसत होते. शॅम्पू केला. धुतला, पुसला, विंचरला. आता तो अगदी सभेच्या अध्यक्षासारखा दिसतो. डोळे भरून आले. (शॅम्पूमुळे.)

दुपारी सौ.चा फोन! ती गेल्यापासूनचा पहिला. म्हणाली, काही केलं नाही ना? म्हणालो, काहीही नाही. खरंच? खरंच. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, मला वाटलं नव्हतं हो तुम्हांला जमेल असं. ताईला म्हणाले होते, हा माणूस दोन दिवस राहायचा नाही. म्हणजे... बरं वाटलं.

तिचा हा आवाज मी विसरलोच होतो. फोन ठेवल्यावर काही सुचेना. काहीतरी केलंच पाहिजे असं वाटत होतं.

सगळ्यांना पाणी घातलं. खतही घातलं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौपट. आनंदाच्या दिवशी मोजमाप करायचं नसतं.

२४ मार्च
पहिलवान बसल्या जागी कलंडला. सरळ करायला गेलो तर अंगठा आत गेला, पेराएवढा. आत काही नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याला पहिलवान म्हणता येणार नाही. वास तर असा, की आफ्टर-शेव्हची आठवण हवीहवीशी वाटली.

पाव कापायच्या सुरीनं शस्त्रक्रिया केली. कुजका भाग काढत काढत वर गेलो. निरोगी भाग लिंबाएवढा उरला. पुस्तक म्हणतं, कापलेला तुकडा आठवडाभर कोरडा ठेवा, जखम सुकू द्या. जखमी माणसाला आठवडाभर उपाशी ठेवायचं? लगेच ओल्या मातीत लावला. वर पाणी.

२६ मार्च
लिंबू गेलं.

गुबगुबीत मंडळींपैकी आठ कुंड्यांत आता फक्त देठ. पुढची दोन नुसत्या हाक मारण्यानं पडतील अशी.

कुठे चुकलं याचा तटस्थपणे विचार केला. दोष स्पष्ट आहे : सौ.नं यांना संकटाची सवयच लावली नाही. वर्षानुवर्षं एका खिडकीत, एकाच उन्हात, सुखात ठेवलं. अशी लाडावलेली पिढी पहिल्या आघाताला कोसळणारच. परत आली की समजावून सांगावं लागेल.

२७ मार्च
ऊन कमी पडलं असावं. उरलेल्यांना अभ्यासिकेतून थेट गच्चीवर नेलं, भर दुपारी, कडक उन्हात. पाणी घालून.

२८ मार्च
सोट्याच्या फिक्या अंगावर मोठे तपकिरी डाग. उन्हानं रापलेला रंग हे श्रमाचं भूषण आहे, असं मी कामगारांच्या सभेत म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. दुपारी सोटा मधोमध मोडला.

३१ मार्च
म्हातारा अजून उभा आहे. केस शुभ्र, मान ताठ. सगळे गेले, पण हा मी राखला. बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं, तिचा जीव याच्यात आहे.

२ एप्रिल
म्हाताऱ्याची धूळ झटकत होतो. केसांसकट वरचं सगळं हातात आलं, टोपी काढावी तसं. आत पोकळ. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. हा गृहस्थ मेलेल्या अवस्थेत माझी व्याख्यानं ऐकत होता. वकीलसाहेब म्हणाले, तुमचा नेहमीचाच श्रोता.

काडी खोचून पुन्हा उभा केला. केस पुढे घेतले. लांबून कळत नाही.

४ एप्रिल
सौ. उद्या येणार. रोपवाटिकेत जाऊन एक नवा निवडुंग आणला, डोक्यावर चक्क पिवळं फूल असलेला. मृत्यूनंतर नवजीवन! सगळ्या कुंड्या पुन्हा बैठकीच्या खिडकीत मांडल्या आणि तो मध्यभागी ठेवला. बाकी कुंड्यांतली माती नीट सारखी केली. रिकामी कुंडी म्हणजे शक्यता, हा मुद्दा चांगला आहे. वीस मिनिटांचं प्रास्ताविक तयार आहे.

५ एप्रिल
सौ. दुपारी आली. टॅक्सी खाली थांबवून ठेवली होती. गॅलरीतून बघितलं, दोन्ही बॅगा मागच्या सीटवर होत्या. म्हणजे राहायच्या तयारीनं आली होती.

सरळ कुंड्यांपाशी गेली. एकेक कुंडी बघितली. म्हाताऱ्याच्या केसांवरून हात फिरवला. काडी दिसली. काही बोलली नाही, म्हणून मी बोललो. प्रास्ताविक चांगलं झालं. समोर प्रतिसाद नव्हता, तरी ओघ राखला. मग तिनं नव्या निवडुंगाच्या पिवळ्या फुलाला बोट लावलं आणि फूल तिच्या बोटाबरोबर वर आलं, मागे डिंकाची लांब तार. दुकानदारानं चिकटवलेलं होतं! मला ठाऊक नव्हतं, खरोखर.

आणि ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, अहो, किती केलंत हो तुम्ही! जरा कमी केलं असतंत तर!

मग स्वतःच आत जाऊन दोन कप चहा करून आणला. माझ्यासमोर बसली. म्हणाली, महिना जाऊ दे. झाडंही जाऊ देत. हा माझा चहा संपेपर्यंत गप्प बसा. मला काही सांगायचं नाही, काही शिकवायचं नाही, कुणाला उदाहरण द्यायचं नाही. चहा संपला की खाली जाऊन बॅगा आणते.

सोपं होतं. बसलो.

ती घोट घेत खिडकीबाहेर बघत होती. दोन्ही हातांत कप. चेहरा सैल झाला होता. बरेच घोट झाले. घर इतकं शांत मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मला वाटतं मलाही बरं वाटत होतं. फक्त, ती पाठीला पोक काढून बसली होती. या वयात पाठीचा कणा एकदा वाकला की वाकला. पन्नाशीनंतर हाडं कशी होतात यावर मी वाचलेलं आहे. हे तिच्या भल्याचंच होतं. मी फक्त दोन शब्द बोललो.

ताठ बस.

दोन शब्दांना जगात कुठेही भाषण म्हणत नाहीत.

तिनं कप खाली ठेवला. पर्स घेतली. दार अगदी हळू लावलं. आदळलं असतं तर काही बोलता आलं असतं. गॅलरीत जाईपर्यंत टॅक्सी वळलेली होती.

तिचा चहा निम्मा उरला होता. टाकून कशाला द्यायचा म्हणून प्यालो. साखरच नव्हती. माझ्या कपात तर बरोबर दोन चमचे होती. घाईत विसरली असेल म्हणून कन्येला फोन करून सांगितलं, तुझ्या आईचं हल्ली लक्ष नसतं. ती म्हणाली, बाबा, आई बिनसाखरेचाच घेते. माझ्या लग्नाच्याही आधीपासून.

नोंदवून ठेवतो. सौ. चहाला साखर घेत नाही.