पहिल्या पंगतीतला वसुलीवाला

मी, शामला देवराव वैरागडे, वय एकोणसत्तर, धंदा डब्यांचा, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, शेजारचे ओमप्रकाशभाऊ काहीही म्हणोत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला जो एकच माणूस आला होता, त्याची हकीकत पुढे येईलच.

१. नंदनवनातले राहते घर माझे यजमान देवराव आणि मी मिळून बांधले. ते मुलगा अश्विन आणि सून करिष्मा यांना समान मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी बुजवून तिथे कपाट करायचे अश्विनच्या मनात आहे. बुजवू नये. त्या खिडकीतून फोडणीचा वास गल्लीत जातो आणि माझी पहिली गिऱ्हाइके त्या वासावरच आली.

२. (हे कलम मी खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. कारण शेवटी.)

३. डब्यांचा धंदा, शेगडी आणि सर्व भांडी जिजाबाईला द्यावीत. फक्त मोठा पितळी गंज सोडून. देवराव धंतोलीत दवाखान्यात होते तेव्हा मी पाहिले, पेशंटला वेळेवर सूप मिळते आणि त्याच्या उशाशी बसलेली बाई बिस्किटांवर दिवस काढते. देवराव गेल्यावर मी अशा बायांसाठी डबे सुरू केले. जिजाबाई पहिल्या दिवसापासून पोळ्या लाटते. तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा चांगल्या होतात. हे तिला मी मेल्यावरच कळावे.

४. आता कार्डाचे. देवरावांच्या उपचारात त्यांचे क्रेडिट कार्ड भरभरून वापरले गेले. ते गेले, बिल मागे राहिले आणि त्याला व्याज-दंडाचे कोंब फुटत राहिले. अश्विन म्हणाला, "आई, कार्ड बाबाचं होतं. तू काहून भरतं? तुही त सहीबी नाही त्याच्यावर." त्याचे कायद्याने बरोबर असेल. पण ज्या माणसाने जन्मभर किराणावाल्याला दुसऱ्यांदा मागायची वेळ येऊ दिली नाही, त्याच्या नावापुढे कुठल्यातरी कॉम्प्युटरात 'थकबाकीदार' लिहिलेले राहावे, हे मला सोसत नव्हते. ते पुसल्याशिवाय मरायचे नाही, असे मी ठरवले. म्हणून डबे.

फोनवर एक पोरगा ओरडत असे, "पैसा कब दोगे मॅडम? घर पे आऊँ क्या?" मी म्हणत असे, "ये ना, कोण नाही म्हणते?" आणि तो आला, तो नेमका महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी.

त्या दिवशी नणंदेची मुलगी रीना आणि तिचा नवरा आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला येणार होते. देवराव गेले त्याच दिवसांत तिचे लग्न झाले, त्यामुळे आम्ही जावई पाहिला नव्हता. फोटो पाहिला होता, पण फेट्यात सगळे नवरदेव सारखेच दिसतात. रीनाचा फोन आला, ते सदर भागातल्या ऑफिसातून परस्पर येत आहेत, मी मागून पोचते. तेवढ्यात दारात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. "देवराव वैरागड्यांचं घर हेच का?"

"हेच, हेच. या जवाईबापू, तुमच्यासाठीच पंगत थांबून राहिली."

"काकू, मी त्या..."

"आधी पाय धुवा."

करिष्माने टिळा लावला. अश्विनने दुपट्टा-टोपी दिली आणि मानाच्या पाटावर बसवले. पुरणपोळी, कढी, आंबील, सोळा भाज्या. बिचारा काही सांगायला तोंड उघडी, की मी पानात आणखी वाढी. विडा-दक्षिणा हातात पडली तेव्हा कुठे त्याला वाचा फुटली.

"काकू, मी जवाई नाही. मी वसुलीवाला. तुमच्या दारात जोरात बोलायले पाठवलं मले."

त्याच वेळी रीना आणि ऑफिसात अडकलेला खरा जावई उंबऱ्यात. मी म्हटले, "मंग बोल ना गा जोरात. आता त पोट भरलं."

"कसा बोलू? मीठ खाल्लं तुमचं." त्याचे डोळे भरून आले होते. दक्षिणा परत करू लागला, मी घेतली नाही. महालक्ष्म्यांपुढची दक्षिणा परत घेत नसतात.

पियूष चाफले त्याचे नाव. तेव्हापासून तो महिन्याला येई, हप्ता नेई, पावती देई आणि न जेवता जात नसे. पुढे त्याच्या साहेबांचा निरोप आला, अर्धेच भरा, बाकी सोडून देतो. घरात आनंदीआनंद. पियूषच म्हणाला, "काकू, घेऊ नका. कागदावर 'तडजोड' लिहितीन. काकाजीच्या नावापुढे ते तसंच राहीन." तडजोड झाली असती तर त्याचे कमिशन लगेच सुटले असते. तरी तो बोलला. मी मुद्दल आणि व्याज पूर्ण भरायचे ठरवले. दंडावर मात्र त्याच्या साहेबांशी फोनवर अशी भांडले, की ओमप्रकाशभाऊंनी टीव्ही बंद करून ऐकले. दंड माफ झाला.

५. रीनाच्या नवऱ्याला नवा, भारीतला दुपट्टा आणि टोपी घेऊन द्यावी. त्याचा मान दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्यापासून तो रुसून आहे. रुसून पुरणपोळ्या मात्र भरपूर खातो.

६. पितळी गंज पियूषला द्यायचा होता. पण वकिलीणबाई म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी पियूषला विचारले, "बोल गा, गंज पाह्यजे का सही?"

"सही. लोकाइच्या कागदावर माह्यं नाव नुसतं वसुलीसाठीच येते, काकू."

म्हणून गंज करिष्माने ठेवावा आणि दरवर्षी महालक्ष्म्यांची आंबील त्यातच करावी. पहिल्या पंगतीत मानाचा पाट पियूषचा. जेवणाला मालमत्ता म्हणत नाहीत, तेव्हा वकिलीणबाईंची हरकत नाही. याच नियमाने दुसरे साक्षीदार ओमप्रकाशभाऊ यांना आमची शिडी मिळू शकत नाही. ती त्यांनी परत करावी.

७. आता कलम दोन. त्यात लिहिले होते, मी आधी गेले तर उरलेले हप्ते आधी भरावेत, मगच कोणी भांड्याला हात लावावा. आज सही करायला पियूष आला तो बँकेचा कागद घेऊन. देवराव वैरागडे, खाते बंद, पूर्ण फेड. तो कागद त्याने माझ्या हाती दिला नाही. चपला काढून सरळ आत गेला, देवरावांच्या फोटोपुढे ठेवला आणि म्हणाला, "काकाजी, आता तुमच्याकडे माह्यं काही काम नाही राह्यलं." मी रडले. फार आनंद झाला होता. मग डोळे पुसून कलम दोन खोडले आणि पियूषला म्हटले, "काम नसलं त जेवायले ये."

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

शामला देवराव वैरागडे
नागपूर, दि. १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार:

१. ओमप्रकाश शाहू, नंदनवन. मृत्युपत्र करणारीशी नाते: शेजारी. शिडी उद्या देतो.

२. पियूष रुपराव चाफले, नागपूर. मृत्युपत्र करणारीशी नाते: जवाई.
(मला मुलगी नाही, हे मला ठाऊक आहे. वकिलीणबाईंनी हे खोडू नये. शा. दे. वै.)