मामांनी धुतलेल्या नळ्या

५ जानेवारी
महाराणी आजही रुसलेल्या. तिसरा आठवडा! एकतीस वर्षं ज्या एन्झाइमच्या जिवावर प्राध्यापकी केली, ते स्टार्चला तोंड लावायला तयार नाही. आयोडीन टाकलं की परीक्षानळी निळीच्या निळी, म्हणजे स्टार्च तसाच.
माझी विद्यार्थिनी (सतत कामात, म्हणून नाव मुंगी) म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय." खरं तर मलाही तसंच वाटत होतं. चार महिन्यांत तिला प्रबंध द्यायचाय.

८ जानेवारी
आज स्वतः करून बघितलं. माझ्याही हातून नाही. मुंगीची माफी मागितली, तर ती आणखीच रडली.

९ जानेवारी
नवऱ्याने जेवताना विचारलं, "पण तुझ्या महाराणी रुसल्या कधीपासून?" बोटांवर मोजलं. काचसामान धुणारे मामा निवृत्त झाले, त्या आठवड्यापासून.
"मग मामांनाच बोलाव समजूत काढायला," म्हणाला. थट्टाच केली त्याने. माझा घास मात्र हातातच राहिला.

१२ जानेवारी
मामा आले. घरून एप्रन आणलेला, इस्त्रीचा! सिंकपाशी उभे राहून आधी "काय हा पसारा" म्हणून सगळ्यांना झापलं, मग चाळीस नळ्या धुऊन वाळवल्या. दुपारी मुंगीने प्रयोग लावला. पाच मिनिटांत निळा रंग गायब. तिने मामांना मिठीच मारली.
मी सकाळपासून वेगळंच बघत होते. भिंतीवर माझ्याच अक्षरातली सूचना आहे — 'शेवटी तीनदा डिस्टिल्ड पाण्याने विसळणे.' मामांनी तीनदा विसळलं. आणि मग एकेक नळी पुन्हा साध्या नळाखाली धरली.
मी त्यांना चहा पाजला आणि बसपर्यंत सोडून आले.

१३ जानेवारी
नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं. पाणी वाळलं की काचेवर त्याचा अंश राहतो. डिस्टिल्ड पाण्यात ते नसतंच. मामांच्या जागी आलेल्या नव्या माणसाने धुतलेल्या नळीत किंचित कॅल्शियम घातलं — महाराणी लगेच कामाला लागल्या.
कॅल्शियम धातूच. म्हणजे 'या एन्झाइमला कुठल्याच धातूची गरज नाही' हा माझा नावाजलेला शोध चूक. साफ चूक.
दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या दोघांनी पूर्वी कळवलं होतं, आमच्याकडे जमत नाही म्हणून. मी त्यांना ऐटीत लिहिलं होतं, हात बसू द्या! आठवलं तरी कान गरम होतात.

१६ जानेवारी
नवरा म्हणाला, "जूनमध्ये निवृत्त होतेस. आता कोण विचारणार आहे?"
कोणीच नाही. पण मुंगीच्या प्रबंधात पहिल्याच पानावर माझं ते वाक्य आहे. तसं सांगितलं. तो चष्मा घेऊन शेजारी आला. "लिही. शुद्धलेखन मी बघतो." म्हणून तर या माणसाबरोबर इतकी वर्षं निभावलं.

१९ जानेवारी
माझा शोध ज्या नियतकालिकात छापला होता, त्याला पत्र धाडलं. चूक माझी, एवढंच लिहिलं. मामांचं नाव काढलं नाही. त्या दोघांचीही माफी मागितली. मुंगीला म्हटलं, तुझा प्रबंध आता माझ्या चुकीपासून सुरू कर. बिचारी 'हो' म्हणायलाही घाबरत होती.

२२ जानेवारी
मामांकडे गेले. रागवायला नाही, नुसतं विचारायला — नळाखाली का धरायचात?
ते ओशाळले. "तुमचं पहिलंच वर्ष होतं, ताई. काही जमायचं नाही, रोज रडून डोळे सुजलेले. एक दिवस घाईत माझ्या हातून नळ्या नळाखाली गेल्या. त्याच दिवशी तुमचं जमलं. तुम्हाला हसताना पहिल्यांदा बघितलं. मग मी रोज तसंच करत गेलो."