आळ बाजरीवर

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा घूस. सदाफुलीच्या कुंडीखाली केवढं बीळ केलंय. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "चिमण्यांना बाजरी घालता ना, त्यानेच येते." आमचे हेही तेच म्हणतात. कबुतरं आली तेव्हाही दोष बाजरीचाच. म्हणून मी ताटली तारेने उंच टांगली, खाली सांडलेला दाणा न् दाणा झाडून काढते. तरी घूस चांगली गलेलठ्ठ. चार दाण्यांवर एवढी कशी पोसते?

आज कळलं. हे चाकणहून शिफ्ट संपवून आले, गाडी लावली आणि घरात न येता थेट मागे अंगणात गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतच उभी होते. डबा उघडला, पोळ्यांचे तुकडे केले आणि भाजीसकट कुंडीपाशी टाकले.

बाहेर जाऊन विचारलं तर म्हणतात, "अगं, कंपनीत कॅन्टीन सुरू झालंय, गरम जेवण मिळतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. अन्न कचऱ्यात टाकवत नाही. म्हटलं, पाखरं खातील."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दिवाळीपासून. म्हणजे अंधारात उठून मी पोळ्या लाटतेय त्या घुशीसाठी, आणि बोलणी खातेय बाजरीवरून.

वर रोज विचारते, भाजी कशी झाली होती? रोज म्हणतात, छान. घुशीला विचारून सांगत होते की काय.