भिंतीवर लागायचा चेहरा

मी शेवंता सत्याप्पा कांबळे, वय त्रेपन्न, राहणार निपाणी, धंदा बिडी वळणे, शिक्षण तिसरी. हे मृत्युपत्र स्वतः लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कुणी भुलवलं नाही, दमदाटी केली नाही. तंबाखूनं छाती खाल्ली, म्हणून आत्ताच लिहिते.

१. राहतं घर मुलगा दीपंकर याला. अट शेवटी आहे. ती वाचल्याशिवाय कुलूप उघडू नये.

२. बिडीचं सूप जाळावं, कात्री मोडीत घालावी. घरातल्या पोरींच्या हाती पडू नये.

३. भाकरीचा तवा दीर भरमू यांना. लग्नाच्या मांडवात माझा रंग बघून त्यांनी मला त्याच नावानं हाक मारली होती.

४. चित्राबद्दल. घाना देशाची चित्रकार एफुआ बेळगावात शिकायला होती. बिडी वळणाऱ्या बायांचे चेहरे काढायला माझ्याकडं आली. मोडक्या हिंदीत म्हणाली, आमच्या लोकांना परक्यांनी रांगेत उभं करून, नंबर घालून त्यांचे फोटो काढले. म्हणून आता आम्ही आमचे चेहरे आमच्या हातानं काढतो. चित्रात तू कोण म्हणून बसणार? मी म्हटलं, "बिडी वळणारी. आटप लवकर." तिनं काळ्यात निळा, तांबडा कालवला आणि माझी कातडी आहे तशी काढली. फक्त डावा कान फाटका काढला. माझा कान धड आहे. विचारलं तर म्हणाली, दिसला तसा काढला.

मावशी यशोदाबाई बघायला आली ती दारातच थांबली. डोक्यावर पदर घेतला. "अगं, ही गंगव्वा हाय. तू न्हाईस."

गंगव्वा माझी आई. मला जन्म देऊन त्याच दिवशी गेली. तिचा फोटो नव्हता, म्हणून बापानं स्टुडिओतनं कुठल्यातरी गोऱ्या बाईचा आणून हार घातला. पन्नास वर्षं मी परक्या बाईच्या पाया पडले. आईचा डावा कान फाटका होता, हे मावशीनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. एफुआला कुणी सांगितलं? तेव्हापासून आरशात आधी ती दिसते, मग मी. गेल्या महिन्यापासून कानाला कळ येते.

५. मी जिवंत असतानाच दीपंकरनं माझा आधार कार्डाचा फोटो मोठा करायला टाकलाय. "आई, जरा उजळ करून घेतो गं," म्हणाला. अट अशी: तो गोरा फोटो भिंतीला लागला, तर त्या दिवसापासून घर माझी भाची मैत्री हिचं. एफुआचं चित्रच लावावं. खाली नाव लिहू नये. माझं लिहिलं तर ती रागवेल, तिचं लिहिलं तर मी.

वरचं सगळं दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

निपाणी, १४ फेब्रुवारी २०२५
सही: शेवंता सत्याप्पा कांबळे

साक्षीदार:
भावकू, शेजारी (सही)
यशोदाबाई, मावशी (डावा अंगठा. चित्र भिंतीकडं फिरवेपर्यंत अंगठा देईना.)